आधी पाण्याची वाट, मग रस्ता

गावात निधी येणार असे कळले की ग्रामसभेत पहिली मागणी होते ती काँक्रीट रस्त्याची. अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत, देवळापासून वेशीपर्यंत, शाळेपासून स्मशानभूमीपर्यंत. मागणी रास्तच आहे. लेकरांना चिखल तुडवत शाळेत जावे लागू नये, बाळंतिणीची गाडी दारापर्यंत यावी, असे कुणाला वाटणार नाही? पण त्या मागणीत एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, आणि तो राहिला म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात त्याच रस्त्याला भेगा जातात, कडा ढासळतात, सांध्यांतून गढूळ पाणी वर येते. प्रश्न असा की या गल्लीतले पाणी आज कुठून येते, कुठे जाते आणि रस्ता झाल्यावर कुठे जाईल? हा लेख ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी, नगरपालिकेच्या प्रभागातल्या रहिवाशांसाठी आणि आपल्या दारासमोरचे काम डोळसपणे पाहू इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. माझे म्हणणे एवढेच की रस्त्याच्या कामात पाण्याच्या वाटेचा निर्णय आधी व्हावा, त्यासाठीचे पैसे आधी बाजूला काढावेत, आणि उरलेल्या पैशात जितका बसेल तितकाच रस्ता करावा.

हे म्हणणे नवे नाही. पंचायतीच्या कागदांत नेहमी दिसणारा ‘डब्ल्यूबीएम’ हा शब्द म्हणजे ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’, आणि त्यातला मॅकॅडम हे माणसाचे नाव. जॉन लाउडन मॅकॅडम हा मूळचा स्कॉटलंडचा. १८१६ मध्ये तो इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या रस्त्यांचा सर्व्हेअर झाला. त्या काळी चांगला रस्ता म्हणजे खाली मोठे दगड रचून केलेला जाड पाया, अशी समजूत होती. मॅकॅडमने सांगितले की गाडीचे ओझे शेवटी खालची मातीच पेलते, आणि ती कोरडी राहिली तर व्यवस्थित पेलते. म्हणून रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवा, कडेने चर काढा आणि वर बारीक फोडलेल्या खडीचा असा घट्ट थर द्या की पाणी आत उतरणार नाही. दोनशे वर्षांत डांबर आले, सिमेंट आले, मोठमोठी यंत्रे आली, पण ही गोष्ट बदलली नाही. आजही रस्त्याखालच्या मातीची ताकद ‘सीबीआर’ या चाचणीने ठरवतात, आणि आपल्याकडे साधारणपणे मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यावरच तो मोजतात. माती भिजणार हे चाचणीनेच गृहीत धरले आहे. फोडलेल्या चांगल्या खडीला शंभर मानले तर भिजलेली काळी जमीन बहुधा दोन ते चारच्या घरात राहते. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गावेच्या गावे या जमिनीवर वसलेली आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर टाकलेला थर दरवर्षी वर-खाली होतो. कडेला पाणी साचले की रस्त्याची कड फुगते, मधला भाग कोरडाच राहतो, आणि मग कडेपासून हातभर आत लांबच लांब भेग जाते. आपल्या गावच्या रस्त्यावर अशी भेग दिसली तर आधी तिच्या शेजारी पाणी कुठे थांबते ते बघा.

‘काँक्रीटला कसली पाण्याची भीती? डांबर पाण्याने उखडते, काँक्रीट नाही,’ असे उत्तर यावर हमखास मिळते. त्यात अर्धे खरे आहे. डांबर आणि खडी यांच्यामध्ये पाणी शिरले की डांबराची पकड सुटते आणि चाकाखाली खडी निघून खड्डा होतो. काँक्रीटचे तसे होत नाही. पण काँक्रीटची लादी हवेत तरंगत नसते. ती मुरमाच्या किंवा खडीच्या थरावर टेकलेली असते, आणि पाणी तिच्या सांध्यातून, भेगेतून, उघड्या कडेतून त्या थरात उतरते. वरून ट्रॅक्टर गेला की लादीचे टोक किंचित दबते, खालचे पाणी जोरात बाहेर फेकले जाते आणि जाताना मुरमातली बारीक माती घेऊन जाते. पावसाळ्यात सांध्याच्या दोन्ही अंगांना पिवळसर गाळाचा पट्टा दिसतो तो याचाच. असे शेकडो वेळा झाले की लादीखाली पोकळी होते, आणि एके दिवशी भरलेली ट्रॉली जाते तेव्हा कोपरा मोडतो. लोक म्हणतात सिमेंट कमी टाकले. कधीकधी तेही खरे असते. पण उत्तम सिमेंटची लादीसुद्धा आधार निघून गेल्यावर मोडणारच.

दुसरा आक्षेप जड वाहनांचा. उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूचे डंपर रस्ते मोडतात, गटारांचा यात काय संबंध, असे विचारले जाते. ओझ्याचा परिणाम मोठा असतो यात शंका नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवले गेले, आणि त्यातून निघालेला ठोकताळा असा की आसावरचे ओझे दुप्पट झाले तर रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते. पण त्याच प्रयोगात हेही दिसले की हिवाळ्यात गोठलेली जमीन वसंतात वितळून खालचे थर चिंब झाले तेव्हा रस्ते सर्वांत झपाट्याने खराब झाले. ओझे आणि ओल एकत्र आली की नुकसान होते. आपल्या हाताबाहेरची गोष्ट आहे ओझे; गावाचा ऊस कारखान्याला जाणारच. ओल मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

ती हातात कशी घ्यायची? गल्लीला दोन उतार लागतात, एक आडवा आणि एक लांबीचा. काँक्रीटला आडवा उतार साधारण दोन टक्के पुरतो. तीन मीटर रुंदीची गल्ली एका बाजूला उतरती केली तर एका कडेपेक्षा दुसरी कड सहा सेंटिमीटर खाली, म्हणजे अंदाजे चार बोटे. दोन्हीकडे उतार दिला तर मधला भाग कडांपेक्षा तीन सेंटिमीटर वर. अरुंद गल्लीत मी एकाच बाजूचा उतार सुचवेन, कारण मग गटार एकच लागते. हा उतार काँक्रीट ओतल्यावर तपासून उपयोग नाही. कडेच्या फळ्या किंवा लोखंडी चॅनल लावले की लगेच तपासायचा. त्यासाठी यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी पाण्याने भरून तिची दोन टोके दोन कडांवर धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबते, आणि त्या पातळीपासून फळीपर्यंतचे अंतर टेपने मोजले की सहा सेंटिमीटरचा फरक आहे की नाही हे पाच मिनिटांत कळते. गटाराचा लांबीचा उतारही असाच मोजता येतो. काँक्रीटच्या गटाराला शंभर मीटरमध्ये निदान तीस सेंटिमीटर उतार हवा, जमले तर पन्नास. त्याहून कमी असेल तर भांडी घासल्याची राख, माती आणि प्लास्टिकच्या पिशव्या तळाशी बसतात आणि गटार तुंबते. झाकणे हवीत, पण दोन माणसांना उचलता येतील अशी. सिमेंटने कायमची बंद केलेली गटारे पुन्हा कुणी साफ करत नाही.

गटार बांधले तरी ते कुठे सोडायचे हा प्रश्न अनेक अंदाजपत्रकांत कोराच असतो. शेवटच्या घरापाशी काम थांबते, आणि सगळ्या गल्लीचे सांडपाणी त्या घराच्या दारात. यावर एक चांगला मार्ग महाराष्ट्रातच आहे. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घराघरांत शोषखड्डे घेऊन सांडपाणी जागच्या जागी जिरवले, आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ती पद्धत इतर गावांनीही उचलली. न्हाणीघराचे आणि मोरीचे पाणी शोषखड्ड्यात गेले तर गटारावर फक्त पावसाचे पाणी राहते. मात्र निव्वळ काळ्या मातीत खोदलेला खड्डा पाणी जिरवत नाही. तो मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो, आणि जिथे हातभर खाली काळा पाषाण लागतो तिथे हा उपाय चालत नाही. तिथे गटार ओढ्यापर्यंत नेण्यावाचून पर्याय नाही, आणि ओढ्यात पडण्याआधी गाळ बसायला एक टाके हवे.

पाण्याच्या वाटेशी जोडलेला आणखी एक प्रश्न रस्त्याच्या पातळीचा. जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर पाच-सात वर्षांनी आणखी एक, असे करत रस्ता वर चढतो आणि घरे खाली जातात. जोत्याची एक-एक पायरी रस्त्यात गडप होते, आणि पावसाचे पाणी रस्त्यावरून उंबऱ्याकडे वळते. मग घरमालक उंबऱ्यापुढे बांध घालतो, शेजाऱ्याकडे पाणी वळते आणि भांडणे लागतात. म्हणून अंदाजपत्रकात जुना थर खोदून काढण्याची बाब आहे का, हे पाहा. रस्त्याची तयार पातळी गल्लीतल्या सर्वांत खालच्या जोत्याच्या खालीच राहिली पाहिजे, हे काम सुरू होण्याआधी भिंतींवर रंगाने खूण करून ठरवून घ्यावे. त्याच वेळी नळाच्या पाइपचेही बघावे. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून गावोगावी नवे नळ आले आणि त्यासाठी नवेकोरे रस्ते फोडले गेले. फोडलेला चर नीट न दाबता वरवर भरला की तोच चर पुढे पाणी मुरण्याची जागा होतो. जिथे पुढे नळजोडणी किंवा केबल लागणार आहे तिथे काँक्रीटखाली दर काही घरांमागे रिकामा पाइप आडवा टाकून ठेवावा. खर्च किरकोळ असतो. खूप अरुंद गल्लीत, जिथे सतत काहीतरी खोदावे लागते, तिथे पेव्हर ब्लॉक बरे. ते काढून पुन्हा बसवता येतात आणि त्यांच्या सांध्यांतून थोडे पाणी जिरते.

आता पैशाचा आक्षेप, जो सर्वांत वजनदार आहे. निधी ठरलेला असतो, लोकांना लांब रस्ता हवा असतो, आणि गटारासाठी रस्ता आखूड करायला कुठला सदस्य तयार होईल? हिशेब करून पाहू. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर जाड रस्त्याला पंचेचाळीस घनमीटर काँक्रीट लागते. आतून एक फूट रुंद आणि एक फूट खोल, दहा सेंटिमीटर जाडीच्या भिंती आणि तळ असलेल्या गटाराला शंभर मीटरला सुमारे अकरा घनमीटर. म्हणजे एका बाजूचे गटार रस्त्याच्या जवळपास पाव भागाइतके काँक्रीट खाते. खोदाई, साचे, झाकणे हा खर्च वेगळा, पण ढोबळमानाने शंभर मीटरच्या नुसत्या रस्त्याच्या काँक्रीटमध्ये ऐंशी मीटरचा गटारासह रस्ता होतो. वीस मीटर आज सोडायचे आहेत, पुढच्या निधीत ते घेता येतात. उलट गटाराविना केलेले शंभरच्या शंभर मीटर सात-आठ वर्षांत पुन्हा मागावे लागले, तर ते पैसे नव्या वस्तीच्या वाट्याचे असतात. ग्रामसभेत हा हिशेब फळ्यावर मांडला तर लोक समजून घेतात, असा माझा विश्वास आहे.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही रस्ता टिकणेच महत्त्वाचे, कारण पुन्हा केलेला रस्ता म्हणजे पुन्हा सिमेंट. जगभरात हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो, आणि त्यातला मोठा भाग इंधनातून नव्हे तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो. राखमिश्रित सिमेंट वापरणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे; चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक वीज केंद्रांची राख त्यात जाते, आणि भारतीय मानकानुसार असे सिमेंट पस्तीस टक्क्यांपर्यंत राख घेते. पण ते सावकाश पक्के होते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलावा लागतो, तर राखमिश्रिताला किमान दहा, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात त्याहून जास्तच दिलेला बरा. लादीवर मातीची आळी करून पाणी साठवावे किंवा ओली पोती अंथरावीत. सकाळ-संध्याकाळ टँकरने शिंपडून जाणे म्हणजे पाणी मारणे नव्हे. तसेच काम सोपे जावे म्हणून मिक्सरमध्ये जास्तीचे पाणी ओतू देऊ नका. पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण वाढले की काँक्रीटची ताकद घटते, हे डफ एब्रम्सने १९१८ मध्येच दाखवून दिले आहे. सांधे काँक्रीट कोवळे असतानाच, पहिल्या दिवसाच्या आत कापावेत आणि पावसाळ्याआधी डांबराने भरून घ्यावेत, नाहीतर तेच पाण्याचे दार होतात.

नव्या तंत्रांबद्दलही याच नजरेने विचार करावा. मदुराईच्या त्यागराजर महाविद्यालयातले राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक तापलेल्या खडीवर चढवून डांबरी रस्ता करण्याची पद्धत बसवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. पद्धत उत्तम आहे, आणि तिचा मुख्य गुण असा की प्लास्टिकच्या लेपामुळे पाणी खडीवरचे डांबर सहज सोडवू शकत नाही. पण तो लेप वरच्या थराचे रक्षण करतो. खालचा मुरूम बाजूच्या चरातून भिजत असेल तर प्लास्टिक त्याला वाचवू शकत नाही.

मोठ्या पावसाचे काय, असेही कुणी विचारेल. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या बेताने बांधलेली होती. इतक्या पावसासाठी गावातले गटार बांधणे कुणालाच परवडणार नाही, हे मान्य. मात्र गावातले बहुतेक रस्ते असल्या प्रलयाने नव्हे, दरवर्षीच्या साध्या पावसाने खराब होतात. मोठ्या पावसासाठी वेगळी सोय लागते, आणि ती म्हणजे पाण्याला वरून जायला मोकळी जागा. ओढ्यावरचा फरशी पूल हे त्याचे चांगले उदाहरण. पूर आला की पाणी त्याच्यावरून जाते, काही तास वाहतूक थांबते, पण पूल राहतो. अशा जागी अरुंद पाइप टाकून वर उंच भराव केला की पहिल्याच पुरात काडीकचऱ्याने पाइप तुंबतो आणि भराव वाहून जातो. मोरी टाकायचीच असेल तर माणसाला वाकून आत जाऊन साफ करता येईल एवढी रुंद टाका. आणि ओढ्याच्या पात्रात घर, गोठा किंवा देवळाचा सभामंडप उभा राहू देऊ नका, मग तो कुणाचाही असो. कोकणात प्रश्न वेगळा असतो. तिथे उतार भरपूर, पण डोंगराकडून येणारे पाणी रस्ता ओलांडते, म्हणून डोंगराच्या बाजूचा चर आणि जागोजागी मोऱ्या याच रस्त्याला वाचवतात. चर दगडमातीने भरला की रस्ता ओहोळ होतो.

शेवटी देखभाल. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ठेकेदाराकडेच पाच वर्षांची देखभाल ठेवली जाते, आणि तिच्यापासून शिकण्याजोगी ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. पुण्यातला जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केला आणि तो कितीतरी दशके खड्ड्यांविना टिकल्याचे पुणेकर आजही सांगतात. आपल्या गल्लीच्या कामालाही दोषदायित्वाचा कालावधी असतो, तो करारात लिहिलेला असतो, आणि त्या काळात दिसलेला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण त्यासाठी लेखी तक्रार मुदतीत जावी लागते. म्हणून कामाच्या फलकाचा तारखेसह फोटो काढून ठेवा, अंदाजपत्रकाची प्रत आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार मागून घ्या, आणि त्यांत गटाराचे मीटर, मुरमाची जाडी, सांध्यांची संख्या पाहून प्रत्यक्षाशी ताडून बघा. शाखा अभियंता शत्रू नसतो. अनेकदा एका माणसाकडे तालुकाभरची कामे असतात, आणि जागेवर कुणी जागरूक आहे हे कळले तर त्याचेही काम सोपे होते. मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस गटारे, मोऱ्या आणि चर साफ करण्याचा ठराव ग्रामसभेने करावा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात कायमचा धरावा.

यंदा तुमच्या गल्लीचा रस्ता मंजुरीला जाणार असेल तर एवढे करा. पहिला जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन पंधरा मिनिटे गल्लीत फिरा. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कोणाच्या दारात शिरते, कुठल्या ओढ्याला मिळते, हे गावठाणाच्या नकाशावर पेन्सिलीने बाण काढून लिहा. तो कागद ग्रामपंचायतीत आवक क्रमांकासह द्या आणि रस्त्याच्या अंदाजपत्रकाला जोडायला सांगा.